सहलीआधी उजनीची टक्केवारी बघा

बारामती-इंदापूरकडे सहकुटुंब फिरायला जायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘तिकडं आहे काय बघायला?’ प्रश्न खोचक असला तरी अस्थानी नाही. या दोन तालुक्यांत घाट नाही, धबधबा नाही, थंड हवा तर नाहीच नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, लांबच लांब माळ, मध्येच उसाचा हिरवा पट्टा आणि दोन अंगांना भीमा व नीरा. महाबळेश्वरचे पॉइंट किंवा हिंदी सिनेमातलं स्वित्झर्लंड हेच ज्यांच्या मनातलं सहलीचं चित्र आहे, त्यांना इथं गाडीतून उतरल्यावर कॅमेरा कुठं रोखावा हेच कळत नाही. आल्प्सच्या दरीत खिडकी उघडली की डोंगर समोर उभा असतो. आज असतो, उद्या असतो, पुढच्या वर्षीही तिथंच असतो. (तारीख तिथंही बघावी लागते म्हणा, फुर्कासारखे उंच घाटरस्ते बर्फामुळे हिवाळाभर बंद असतात. पण डोंगर तरी जागचा हलत नाही.) भीमा-नीरेच्या मधल्या पट्ट्यात मात्र एकच जागा ऑक्टोबरात अथांग पाणी असते, फेब्रुवारीत पक्ष्यांची जत्रा आणि एखाद्या कोरड्या मे महिन्यात गाळातून वर आलेलं देऊळ. म्हणून इथं आधी दिवस ठरवावा, मग ठिकाण आपसूक ठरतं, असं माझं म्हणणं आहे. आणि तो दिवस ठरवायला लागणारा आकडा वर्तमानपत्रात छापूनच येतो: उजनी धरणाची टक्केवारी.

हा आकडा वाचायची एक खुबी आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, पण फुगवटा वरच्या बाजूला इंदापूर तालुक्याची सगळी उत्तर कड व्यापून दौंडच्या दिशेने पसरलेला. पुणे जिल्ह्यातल्या माणसाच्या लेखी उजनी म्हणजे हा फुगवटाच. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात मोडतं. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी वापराच्या हिशेबात धरलेलंच नाही. टक्केवारी काढतात ती वरच्या सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याची. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी उणे २० टक्के’ अशी चक्रावून टाकणारी बातमी येते, तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. मृतसाठ्याला हात लागलेला असतो, एवढंच. दुसरी गंमत पातळीची. धरण काठोकाठ भरतं तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३ मीटर. शंभर टक्के आणि शून्य टक्के यांच्यातलं अंतर उंचीत मोजलं तर जेमतेम दुमजली घराएवढं भरतं. भीमेचं खोरं इथं परातीसारखं पसरट. पाणी हातभर उतरलं तरी काठ पार मागे सरकतो आणि ओल्या गाळाचा पट्टा उघडा टाकून जातो. पुढचा सगळा खेळ या ओल्या पट्ट्यावर चालतो.

धरण भरतं तेही इथल्या पावसाने नव्हे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, घोड या साऱ्या नद्यांचं पाणी अखेर भीमेत येतं आणि दौंडवरून उजनीत शिरतं. इंदापूरच्या आभाळात ढगाचा तुकडा नसताना घाटमाथ्यावरच्या पावसाने उजनी भरू शकतं, म्हणून जुलै-ऑगस्टात इथले शेतकरी ‘दौंडचा विसर्ग किती’ हे विचारत असतात. पुढे रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं सुटू लागली की पातळी उतरते. चांगल्या पावसाच्या वर्षी ती फार सावकाश उतरते, कमी पावसाच्या वर्षी दिवाळीपासूनच ओढ लागते. सहल काढणाऱ्याने एवढं ओळखावं: साठा शंभरीच्या आसपास अडून बसलेला असेल तर पाणी दिसायला सुंदर, पण पक्षी विखुरलेले असतात, कारण उथळ जागाच उरलेली नसते. रोहित पक्षी, म्हणजे आपला फ्लेमिंगो, पोहू शकत असला तरी चरतो ते पायाने गाळ ढवळत, चोच उलटी पाण्यात घालून. त्याला गुडघाभर पाणी लागतं. पाणी जास्त असलेल्या वर्षी हे पाहुणे जानेवारी सरला तरी यायचे असतात, आणि ‘भिगवणला गेलो, काहीच नव्हतं’ अशी तक्रार करणारी मंडळी बहुधा अशाच वर्षी, केवळ नववर्षाची सुट्टी साधून गेलेली असतात. आकडा रोज थोडा थोडा घसरताना दिसू लागला, की सहलीचा बेत काढावा. हा काही गणिती नियम नव्हे, पण कॅलेंडरवरच्या लाल तारखेपेक्षा तो नक्कीच जास्त भरवशाचा आहे.

भिगवण हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पक्षी पाहायला उतरायचं ते कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठाला. नावा चालवणारे बहुतेक जण इथल्याच मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले असतात आणि कुठला थवा कुठल्या बेटाशी बसलाय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी भरात. पट्टकादंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून सात वर्षांचं पोरही ते ओळखू शकतं. चक्रवाक जोडीने दिसतात, थापट्या बदकाची चोच कलथ्यासारखी, चमचा पक्ष्याची नावाप्रमाणेच चमच्यासारखी. वाळक्या खोडावर बसलेला कैकर पाण्यात सूर मारून मासा उचलताना दिसला, तर तिथंच सहलीचे पैसे वसूल. सूर्योदयाला नावेत बसलेलं असावं. पुण्याहून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर, बारामतीहून पंचवीस-तीस. तेव्हा पुणेकरांनी पहाटे चारला लहान मुलांना उठवण्याऐवजी आदल्या रात्री काठच्या एखाद्या घरगुती निवासात मुक्कामाला यावं. परत आल्यावर जेवणाला तळलेली चिलापी किंवा माशाचं कालवण, आणि शाकाहारी मंडळींसाठी पिठलं-भाकरी. आगाऊ सांगितलं तर सगळं होतं, न सांगता गेलात तर रविवारी ताटकळावं लागतं.

नावेबद्दल दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली लाइफ जॅकेटची. २१ मे २०२४ रोजी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे जीव गेले. हिवाळ्यातल्या सकाळी उजनी आरशासारखं शांत असतं, हे खरं. पण मेमधल्या दुपारनंतर वळवाचा वारा सुटला की त्याच पाण्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. तेव्हा उन्हाळ्यात नावेत बसायचं तर फक्त सकाळी, आणि जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पोहता येणाऱ्याच्याही. लहान मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर त्या दिवशी काठावरून दुर्बिणीने पक्षी बघावेत. दुसरी गोष्ट पक्ष्यांच्या अंतराची. उडत्या थव्याचा गुलाबी फोटो मिळावा म्हणून नाव थेट थव्यात घालायला सांगणारे हौशी लोक आहेत, आणि गिऱ्हाईक दुखवायचं नाही म्हणून ऐकणारे नावाडीही आहेत. चरताना पुन्हा पुन्हा उठवलेला थवा शेवटी ती जागा सोडतो; तुमच्यामागून येणाऱ्या नावेला मग रिकामं पाणी दिसतं. निघण्याआधीच ‘लांबून दाखवा, उठवू नका’ असं सांगितलं तर नावाड्यालाही बरंच वाटतं. त्याचा पुढचा महिनाभराचा रोजगार त्या थव्यावरच असतो.

‘मुलं कंटाळतील’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो बऱ्याचदा खरा ठरतो. चार तास नावेत बसवून इंग्रजी नावं ऐकवली तर मोठी माणसंही कंटाळतात. मुलांना एक तास पुरतो. दुर्बीण त्यांच्या हातात द्यावी, आपल्या नव्हे. आणि ‘कुठला पक्षी’ यापेक्षा ‘तो काय करतोय’ हे विचारावं. फ्लेमिंगो गुलाबी का, याचं उत्तर खाण्यात आहे: तो खातो त्या शेवाळातल्या आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांमधल्या रंगद्रव्यामुळे. हे कळलं की मूल दिवसभर त्याच्याबद्दलच बोलतं. शिवाय सगळं पक्षीदर्शन नावेतूनच करायला हवं असंही नाही. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात, आणि इंदापुरात तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर. सातबाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्या माणसांच्या डोक्यावर करकोच्यांची पिल्लं वाढत असतात. सरकारी कचेरीचा याहून प्रसन्न उपयोग क्वचितच झाला असेल. भादलवाडीतही पाण्याचाच हिशेब आहे. बाभळीभोवतीचं पाणी हा घरट्यांचा खंदक. तलाव आटला की कुत्री-मांजरी बुंध्यापर्यंत पोचतात, आणि असं कोरडं वर्ष असेल तर पक्षी तिथं घरं मांडायचं टाळतात. पिल्लं वाढतात ती उन्हाळ्यात, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, आणि तीही सावलीत उभं राहून पाहता येतात.

पाण्याचं हे माहात्म्य सांगताना पाणी नसण्याचंही सांगायला हवं. या दोन्ही तालुक्यांची खरी दौलत माळरान आहे, आणि ते टिकलं तेच पाणी पोचलं नाही म्हणून. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, राज्यातल्या सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक. ते राखलं चिंकारासाठी. हे नाजूक हरीण पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढतं, पाला आणि शेंगांतल्या ओलाव्यावर भागवतं. पाणवठ्यावर दबा धरून वाट बघण्याची जंगलातली युक्ती इथं चालतेच असं नाही. त्याला शोधायचं ते सकाळी किंवा कलत्या उन्हात, उंचवट्यावरून, गाडीचा आवाज बंद करून. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथं वन विभागाने २०२४ पासून माळरान सफारी सुरू केली आहे. नोंदणी आधी करायची आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक घ्यायचा. लांडगा, खोकड, तरस, धाविक, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या अशी इथली मंडळी. लांडगा दिसेलच अशी हमी कुणी दिली तर त्याच्यापासून दोन हात लांब राहावं. गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात हिरवं, डिसेंबरात सोनेरी, एप्रिलात नुसती धूळ. म्हणजे माळाची तारीख उजनीच्या तारखेच्या थोडी आधी येते, आणि दिवाळीच्या सुट्टीला नेमकं हेच जुळतं.

माळावर जाताना धनगरांच्या वाड्याकडे केवळ फोटोचा विषय म्हणून पाहू नये, एवढं सुचवावंसं वाटतं. दसरा-दिवाळीनंतर इथले मेंढपाळ मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतांत ती बसवतात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. इकडचा चारा आणि पाणी संपायच्या आत तिकडं, तिकडचा मुसळधार पाऊस लागायच्या आत इकडं. युरोपात आल्प्समधली गुरं उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्याआधी खाली आणण्याची प्रथा २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. ऑस्ट्रिया, इटली आणि ग्रीस यांनी मिळून ती मांडली होती. तिथं गुरं उतरतात त्या दिवशी गायींच्या शिंगांवर फुलं चढतात आणि रस्त्याच्या दुतर्फा पर्यटक उभे राहतात. आपल्याकडची कळपांची वाट डांबरी रस्त्यावरून जाते आणि आपण मागून हॉर्न वाजवतो. मुलांना हे दाखवायचं असेल तर आषाढात तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर यावं. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीला गोल रिंगण. गर्दी प्रचंड असते. तान्हं मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असतील तर या दिवशी घरीच बरं.

पण आजी-आजोबांना आपण पक्ष्यांच्या नादाने ओढून न्यायचं आणि ते गाडीत बसून राहणार, ही तक्रारही रास्त आहे. त्यांना देवदर्शन हवं असतं आणि इथं ते भरपूर आहे. फक्त ते वेगळ्या दिवशीचं काम मानू नये. मोरगावचा मयूरेश्वर, अष्टविनायकांतला पहिला, सुप्याच्या अभयारण्यापासून जवळच आहे. देवळाच्या चार कोपऱ्यांवर मनोरे, आणि गणपतीसमोर चक्क नंदी. असं का, हे मुलांनी विचारलं की आजोबांना सांगायला गोष्ट मिळते. सकाळी माळ, मग मोरगाव, असा अर्धा दिवस दोन्ही पिढ्यांना पुरतो. संकष्टी, भाद्रपद आणि माघातली चतुर्थी टाळली तर दर्शन निवांत होतं. दुसरं ठिकाण नीरा नरसिंहपूर, इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा आणि भीमा मिळतात तिथं. लक्ष्मी-नृसिंह हे पुष्कळ घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे ‘एकदा जाऊन यायला हवं’ असं अनेक घरांत वर्षानुवर्षं बोललं जातं आणि जायचं राहून जातं. इथंही पाणी बघावं. संगम उजनीच्या भिंतीच्या खाली आहे. धरणातून भीमेत पाणी सोडलेलं असेल तर पात्र भरून वाहतं, एरवी वाळू आणि खडक. पायऱ्या आहेत, उतरताना म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा, आणि विसर्ग चालू असेल तर कुणीच पाण्यात उतरू नये.

पळसदेवचं मात्र सर्वांत अवघड. धरणाच्या फुगवट्यात जुनं गाव गेलं, वस्ती पुणे-सोलापूर रस्त्यालगत नव्याने बसली आणि पळसनाथाचं दगडी देऊळ पाण्यात राहिलं. टक्केवारी उणे झाली आणि पाणी पुरेसं ओसरलं की ते उघडं पडतं. मग खांब, कोरीव दगड, वीरगळ पाहायला लोक लोटतात. जावं, पण एक विसरू नये. देऊळ दिसणं म्हणजे सोलापूरकडच्या शेतीला पाण्याची चणचण असणं. आपल्या सहलीचा योग हा दुसऱ्याच्या टंचाईचा काळ असतो, आणि बघायला आलेल्या माणसांत त्या बुडालेल्या गावांत जन्मलेली माणसंही असतात. भिंतींवर चढणं, कोरीव तुकडा ‘आठवण’ म्हणून उचलणं, चिखलात गाडी घालणं, सगळंच टाळावं. गाळ वरून वाळलेला आणि आतून लिबलिबीत असतो. मुलांना वाटेवरूनच चालवावं आणि स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नीरेकाठचा दक्षिण भाग हा या सगळ्याच्या उलट. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि त्याने या मुलुखाचे बागायत व जिरायत असे दोन तुकडे केले. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वर माळ. गाडीने उत्तर-दक्षिण आडवं गेलं तर पंधरा-वीस मिनिटांत दोन वेगळे प्रदेश पाहून होतात, आणि भूगोलाच्या पुस्तकातला कालवा मुलांना समोर दिसतो. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, गाळपाच्या दिवसांत गुऱ्हाळ आणि ताजी काकवी, निमगाव केतकीचे पानमळे. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत तर कृषी पर्यटनाच्या राज्यातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक झाला. हुरड्याच्या नावाखाली डीजे आणि रेन डान्स विकणाऱ्या जागाही निघाल्या आहेत, तेव्हा नोंदणी करताना शेत आहे की नुसता मांडव, हे विचारून घ्यावं. बारामती शहरात कऱ्हेकाठी मोरोपंतांचं वास्तव्य होतं. आर्या पाठ केलेल्या पिढीतलं कुणी घरात असेल तर तिथं थोडा वेळ थांबण्यासारखं आहे.

आता सगळ्यांत व्यावहारिक आक्षेप: ‘टक्केवारी बघून सुट्टी कोण देतो?’ शाळा देत नाही, ऑफिस तर नाहीच. पण सुट्ट्या ठरलेल्या असल्या तरी त्या सुट्टीत काय बघायचं ते आपल्या हातात असतं. दिवाळीत माळरान आणि मोरगाव, उजनी फक्त पाणी म्हणून. नाताळात हुरडा, आणि साठा उतरता असेल तर पक्षी, नसेल तर पुन्हा माळ. जानेवारीअखेरपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे शनिवार-रविवार भिगवणसाठी राखावेत. वार्षिक परीक्षा असलेल्या मुलांचं एक दिवसाने काही बिघडत नाही. मेमध्ये इंदापूरचे चित्रबलाक, वर्ष कोरडं असेल तर पळसदेव, आणि सकाळी दहाच्या आत सावलीत. नृसिंह जयंतीला नरसिंहपूरला जायचा कुळाचार असेल तर जावंच, मात्र त्या दिवशी दुसरं काही जोडू नये.

तरीही ‘एवढं लांब आलोय तर सगळंच करून टाकू’ हा मोह होतोच. मोरगाव, सिद्धटेक, भिगवणची नाव आणि वाटेत हुरडा असा एका दिवसाचा बेत अनेकजण आखतात. कागदावर अंतरं लहान दिसतात, पण बारामतीहून मोरगाव सुमारे पस्तीस किलोमीटर एका दिशेला आणि इंदापूर पन्नासच्या आसपास दुसऱ्या दिशेला. शिवाय इथं बघण्यासारखं जे आहे ते उजाडताना आणि मावळताना दिसतं. मधली दुपार उन्हाने आणि रिकाम्या माळाने भरलेली असते. म्हणजे एका दिवसाला दोनच फेऱ्या मिळतात. एक पाण्याची आणि एक माळाची, किंवा एक माळाची आणि एक देवाची. दुपारी जेवून झाडाखाली पडावं. यात पैसाही कमी जातो आणि उलट्या करणारं मूल व चिडलेला चालक हे दोन्ही टळतात. ज्यांना तरीही सात ठिकाणांचे फोटो हवेत, त्यांनी खरंच महाबळेश्वरला जावं. तिथली सोय त्यासाठीच आहे.

पाण्याबद्दल एक शेवटची दक्षता. उजनीत येणारं पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवड ओलांडून येतं आणि येताना शहराचं सांडपाणीही आणतं. काठाला कधी कधी पाणी हिरवंगार दिसतं ते त्यामुळेच. मुलांना त्यात डुंबू देऊ नये, नावेतून हात बुडवलेच तर खाण्याआधी साबणाने धुवावेत, आणि ‘हे असं का’ असं पोराने विचारलं तर आपल्याच मोरीतून निघालेल्या पाण्याचा इथवरचा रस्ता त्याला सांगावा.

निघायच्या आदल्या रात्री नावाड्याला फोन करावा. ‘पक्षी आहेत का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर बाराही महिने ‘आहेत की, या’ असंच येतं. ‘पाणी कुठवर आलंय?’ असं विचारावं. ‘बाभळी बुडाल्यात’ म्हणाला तर नाव रद्द करून कडबनवाडीची नोंदणी बघावी. ‘मागं सरकलंय, गाळ उघडा पडलाय’ म्हणाला, की गजर पाचचा लावावा.